इंजिन माउंटची चार भोकं: ड्रिल कुठे मारायचं आणि आटे कसे पाडायचे

मॉडेल विमानासाठी नवीन ग्लो इंजिन (ग्लो प्लगवर चालणारं छोटं इंजिन) आणलं, सोबत माउंट, म्हणजे इंजिन धरणारा दोन दांड्यांचा कंस, आणला, पाकीट फोडलं आणि बघतो तर माउंटच्या दोन्ही दांड्या कोऱ्या, इंजिन बसवायला एकही भोक नाही. पहिल्यांदा हे बघणाऱ्याला वाटतं की माल अर्धवट आलाय. तसं काही नसतं. प्रत्येक कंपनीच्या इंजिनावरच्या भोकांमधलं अंतर वेगळं असतं, एकाच कंपनीची दोन मॉडेलं जुळतीलच असंही नाही, म्हणून ते काम आपल्यावर सोडलेलं असतं. आणि ते आपल्या फायद्याचंच आहे, कारण भोकं आपण पाडणार म्हटल्यावर इंजिन थोडं पुढे घ्यायचं की मागे हे आपल्या हातात राहतं, विमान शेपटीकडे जड होत असेल तर इंजिन सेंटीमीटरभर पुढे सरकवून नाकात शिसं भरणं वाचवता येतं.

उदाहरण म्हणून नेहमीचंच घेऊया, ४० साइझचं ट्रेनर विमान आणि त्यावर ४६ चं टू-स्ट्रोक इंजिन. ४६ म्हणजे ०.४६ घनइंच, आपल्या भाषेत साधारण ७.५ सीसी. सायलेन्सर धरून वजन अर्धा किलोच्या आसपास. यावर ११ बाय ६ चा प्रॉप, म्हणजे ११ इंची पंखा, लावला की जमिनीवर ते ११-१२ हजार आरपीएमला फिरतं. १२ हजार आरपीएम म्हणजे सेकंदाला २०० फेरे, टू-स्ट्रोकमधे प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट, म्हणजे दर सेकंदाला २०० धक्के, आणि हे सगळं चार एम-४ (४ मिमी जाडीच्या) बोल्टवर पेललेलं. त्यातला एक जरी सैल झाला तरी इंजिन थरथरायला लागतं, ती थरथर मागे टाकीपर्यंत जाते, टाकीतल्या इंधनाला फेस येतो, फेस म्हणजे नळीत हवा, मग मिश्रण लीन होतं (इंधन कमी, हवा जास्त) आणि इंजिन नेमकं वर चढताना दम सोडतं. लोक तासन् तास नीडल (इंधन कमीजास्त करायचा स्क्रू) फिरवत बसतात आणि दोष असतो एका सैल बोल्टचा. म्हणून या चार भोकांवर एक अख्खी संध्याकाळ घालवली तरी चालेल असं मी म्हणतो.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसली पाहिजे, टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, भोक सरळ करत नाही. टॅप भोकाच्या मागे मागे जातो. भोक तिरकं असेल तर आटेही तिरके पडणार, भोक अर्धा मिलीमीटर बाजूला असेल तर बोल्टही तेवढाच बाजूला येणार. म्हणजे खरं काम टॅप हातात घेण्याच्या आधीच झालेलं असतं.

अर्ध्या मिमीने काय बिघडतं असं वाटत असेल तर हिशोब करून बघा. समजा इंजिनाच्या एका बाजूच्या पुढच्या आणि मागच्या भोकात १८ मिमी अंतर आहे, आणि पुढची जोडी मागच्या जोडीच्या मानाने अर्धा मिमी बाजूला सरकली. १८ मिमीला अर्धा मिमी म्हणजे दीड अंशापेक्षा थोडं जास्तच. आता हे कशाशी ताडायचं? ट्रेनरला इंजिन मुळात नाकाच्या सरळ रेषेत बसवतच नाहीत, दोनेक अंश उजवीकडे वळवून बसवतात, त्याला राइट थ्रस्ट म्हणतात. प्रॉप मागून बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, त्याने मागे फेकलेली हवा गोल वळत येऊन उभ्या शेपटीवर आदळते, शिवाय नाक वर असताना प्रॉपचं खाली जाणारं पातं जास्त ओढतं, आणि या सगळ्याचा मिळून परिणाम असा की फुल थ्रॉटलला विमान डावीकडे वळायला बघतं. त्याला तोल म्हणून राइट थ्रस्ट. आता दोन अंशातले दीड अंश जर आपल्या चुकार भोकांनी खाल्ले तर उरलं काय? आणि चूक उलट्या बाजूला झाली तर साडेतीन अंश. मग टेक-ऑफला सारखं रडर (उभ्या शेपटीचं सुकाणू) धरायला लागतं आणि माणूस विमानाला नावं ठेवतो.

तर इंजिनाची जागा ठरवायची कशी. माउंट आधी फायरवॉलवर, म्हणजे विमानाच्या नाकातल्या प्लायच्या उभ्या भिंतीवर, त्याच्या बोल्टनी पक्का बसवा, प्लायच्या मागून टी-नट (लाकडात रुतून बसणारे नट) लावलेले असतील तेच. इंजिन नुसतं दांड्यांवर ठेवा. क्रँककेस दोन दांड्यांच्या मधे मोकळेपणाने उतरली पाहिजे, घासत असेल तर कानस मारून दांड्यांची आतली बाजू थोडी उतरवा, दाबून बसवू नका. मग प्लॅनमधे फायरवॉलपासून ड्राइव्ह वॉशरपर्यंत (प्रॉप जिला टेकतो ती चकती) जे अंतर दिलंय ते मोजून इंजिन पुढेमागे करा. काउलिंग (इंजिनावरचं झाकण) असेल तर स्पिनरची (प्रॉपच्या मध्यावरच्या टोपीची) मागची प्लेट आणि काउलिंग यांच्यात दोनेक मिमी फट राहील असं बघा. सायलेन्सर लावून बघा, थ्रॉटलची दांडी कुठून जाणार ते बघा, नीडल फिरवायला बोटं पोचतात का ते बघा. हे सगळं आत्ताच, कारण भोक पडल्यावर हे सुचून उपयोग नाही.

कोन तपासायची एक साधी पद्धत आहे. प्रॉप आडवा करा, आणि त्याच्या दोन्ही टोकांपासून मागे शेपटीच्या मध्यावर एक टाचणी ठरवून तिथपर्यंत टेपने अंतर मोजा. ११ इंची प्रॉप म्हणजे २८० मिमी, दोन अंश राइट थ्रस्टला उजवं टोक डाव्यापेक्षा शेपटीच्या साधारण १० मिमी जवळ येतं. १० मिमी टेपवर कुणालाही दिसतं, दोन अंश नुसत्या डोळ्याला दिसत नाहीत. बऱ्याच विमानांत हा कोन फायरवॉलमधेच दिलेला असतो आणि माउंट किंचित डावीकडे सरकवलेला असतो म्हणजे स्पिनर बरोब्बर मधे येतो, अशा वेळी इंजिन दांड्यांना समांतर बसलं की झालं, वेगळा कोन द्यायचा नाही.

जागा पटली की इंजिन हलू नये म्हणून दोन छोट्या जी-क्लॅम्पने धरा. आता खुणा.

खुणेसाठी बहुतेक जण भोकातून पेन्सिल घालून गोल काढतात आणि मग गोलाचा मध्य अंदाजाने धरून सेंटर पंच मारतात. यात तो अर्धा मिमी हमखास जातो, वर काळ्या नायलॉनवर पेन्सिल दिसतही नाही. त्यापेक्षा असं करा, इंजिनाच्या लगमधल्या (माउंटवर टेकणाऱ्या कानामधल्या) भोकात अगदी घट्ट, न हलता बसेल असं ड्रिल बिट शोधा, ४ मिमी किंवा ४.२, जे काय नेमकं बसेल ते. ते बिट भोकात उभं घालून बोटांच्या चिमटीत धरून हातानेच चारपाच वेळा फिरवा, थोडा दाब देऊन. खाली माउंटवर एक छोटासा शंकूसारखा खड्डा पडतो आणि त्याचा मध्य म्हणजे लगच्या भोकाचा तंतोतंत मध्य, कारण बिटला इकडेतिकडे जायला जागाच नव्हती. नंतर बारीक ड्रिलचं टोक आपोआप त्या खड्ड्यात जाऊन बसतं. हे हातानेच करायचं, ड्रिल मशीन लावून नाही, कारण फिरणारं बिट लगचं भोक खातं आणि इंजिनाची भोकं एकदा मोठी झाली की ती परत लहान होत नाहीत. आणि कार्ब्युरेटर, एक्झॉस्ट सगळीकडे मास्किंग टेप लावून घ्या, धातूचा एक बारीक कण जरी बेअरिंगमधे किंवा सिलिंडरमधे गेला तरी नवीन इंजिन खराब होतं. खुणा झाल्या की इंजिन काढून पिशवीत बांधून दूर ठेवा, ड्रिलिंग त्याच्या आसपास होता कामा नये.

चारही खुणा एकदम करायची घाई नको. मला पटलेली पद्धत म्हणजे आधी एकच भोक, त्याला आटे पाडायचे, त्या एका बोल्टवर इंजिन लावायचं, परत प्रॉप आडवा करून टेपने मोजायचं, मग तिरक्या समोरच्या भोकाची खूण. ते दुसरं झालं की इंजिनाचा कोन कायमचा ठरला, उरलेली दोन मग त्याच्याच आधाराने. वेळ जास्त जातो पण प्रत्येक भोकाला आधीचं भोक सांभाळून घेतं.

आता ड्रिलचा साइझ. एम-४ बोल्टला ४ मिमी भोक पाडलं तर बोल्ट सरळ आत जाईल, धरायला काहीच नाही. आटे पाडायला भोकात माल शिल्लक हवा. मेट्रिकचा हिशोब सोपा आहे, बोल्टच्या व्यासातून पिच, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर, वजा करायचा. एम-४ चा पिच ०.७, म्हणून ३.३ मिमी ड्रिल. एम-३ चा पिच ०.५, म्हणून २.५. या हिशोबाने आट्याची खोली पुऱ्या आट्याच्या साधारण ७७ टक्के येते आणि ती पुरेशी आहे. घरात ३.३ नाही म्हणून कुणी ३.२ वापरतं, तर आटे ८८ टक्क्यांवर जातात, ऐकायला छान वाटतं पण बोल्टची पकड जेमतेम वाढते आणि टॅपला लागणारा जोर मात्र भलताच वाढतो, बारीक टॅप तुटतात ते असेच. उलट ३.५ वापरलं तर आटे ५५ टक्क्यांवर येतात, ॲल्युमिनियममधे हे फारच कमी, दोनदा इंजिन काढून घातलं की बोल्ट नुसता गरगर फिरायला लागतो. मिलीमीटरचे एकदोन दशांश, पण फरक एवढा. हाताने धार लावलेलं बिट असेल तर ते स्वतःच्या मापापेक्षा मोठं भोक पाडतं, म्हणून आधी ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर एक भोक पाडून, टॅप मारून, बोल्ट घालून बघा.

अमेरिकन माउंट किंवा किट असेल तर बोल्ट इंचाचे असतात, ६-३२ किंवा ८-३२. पहिला आकडा जाडीचा नंबर, दुसरा म्हणजे एका इंचात किती आटे. ६-३२ ला २.७ मिमी ड्रिल चालतं, ८-३२ ला साधारण ३.५. इथे एक घोळ फार होतो. ८-३२ चा बोल्ट ४.१७ मिमी जाड असतो आणि एम-४ चार मिमी, दोन्ही शेजारी ठेवले तर जुळे वाटतात, पण पिच वेगळा आहे. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या आट्यात सुरुवातीला जातो, मग अडकतो, आणि पाना लावून रेटलं की आटे गेलेच. आपल्याकडे मेट्रिक ॲलन बोल्ट कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, तेव्हा भोकं आपणच पाडणार आहोत तर सरळ मेट्रिकच धरा. टॅप, टॅप हँडल आणि ३.३ चं बिट मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात बोहरी आळीच्या बाजूला सहज मिळून जातं.

ड्रिल मारताना माउंट फायरवॉलवरून काढा आणि बेंच ड्रिलवर न्या. स्वतःकडे नसेल तर जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे किंवा आयटीआयमधल्या ओळखीच्या फिटरकडे जा, हे काम हँडड्रिलने नाही करायचं, कितीही हात स्थिर असला तरी. दांड्यांची खालची बाजू बऱ्याचदा उतरती असते, साच्यातून निघावी म्हणून तशी बनवलेली, त्यामुळे माउंट टेबलावर नुसता ठेवला तर वरची बाजू सपाट राहत नाही. आपल्याला वरची बाजू, म्हणजे जिथे इंजिन बसणार ती, बिटशी काटकोनात हवी. खाली लाकडाच्या पट्ट्या, कागदाच्या घड्या, जे लागेल ते घालून गुण्याने (काटकोन तपासायच्या पट्टीने) दोन्ही दिशांनी तपासा आणि मग क्लॅम्प करा. हाताने धरू नका, बिट आरपार निघताना माल पकडतं आणि माउंट हातातून फिरतो. डोळ्यांना चष्मा हवाच.

ॲल्युमिनियमला दोनतीन हजार आरपीएम ठीक, थोडं आत, परत बाहेर, कीस झटकायचा, रॉकेलचा थेंब, परत आत. कीस भोकात दाबला गेला की तो बिटला चिकटतो आणि भोक ओबडधोबड होतं. ग्लास फायबर भरलेल्या नायलॉनला वेग कमी ठेवा, नाहीतर नायलॉन वितळून बिटला लपेटतं, आणि काचेच्या तंतूंनी बिटची धार लवकर जाते हेही लक्षात असू द्या. आरपार भोक पाडा, म्हणजे टॅपचा कीस खालून पडून जातो. भोकाच्या तोंडावर मोठं बिट हाताने एकदोनदा फिरवून कड मोडा, त्याने टॅप सरळ सुरू होतो आणि आटे पाडल्यावर वर जो बर (धातूची उठलेली धार) उठतो तोही राहत नाही. तो बर राहिला तर इंजिन त्याच्यावर टेकून बसतं, पृष्ठभागावर नाही.

टॅप सेटमधे तीन टॅप येतात. पहिल्याचं तोंड लांब निमुळतं, दुसऱ्याचं कमी, तिसऱ्याचं जवळजवळ सपाट. आरपार भोकाला पहिला टॅपच पूर्ण खालपर्यंत नेला तरी काम होतं, मग दुसरा एकदा फिरवून घ्या. तिसरा लागतो तो बंद भोकाला, इथे त्याचं काम नाही.

सगळं अवलंबून असतं पहिल्या दोनतीन आट्यांवर. बरणीचं झाकण तिरकं लागलं की पुढे कितीही फिरवलं तरी तिरकंच जातं, टॅपचंही तसंच. म्हणून भोक पाडल्यावर माउंट बेंच ड्रिलवरून काढूच नका, टेबल हललेलं नाही तोवर बिट काढून चकमधे टॅप धरा, मशीनचा प्लग उपटून ठेवा, आणि चक हाताने फिरवत वरून हलका दाब देत दोनतीन आटे पाडा. मशीन सरळ आहे म्हणजे टॅपही सरळ. मग चक सोडा, टॅपला हँडल लावा आणि पुढचं हाताने. हे जमणार नसेल तर ॲल्युमिनियमच्या जाड ठोकळ्यात मशीनवर ४ मिमीचं सरळ भोक पाडून घ्या, तो ठोकळा माउंटवर धरून त्यातून टॅप घाला, तो टॅपला तिरकं होऊ देत नाही.

हँडल दोन हातांनी, सारख्या जोराने. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे फिरवताना एक बारीक कट्ट असं हाताला जाणवतं, तो कीस तुटल्याचा आवाज, तो ऐकू आला की परत पुढे. ॲल्युमिनियमला रॉकेल किंवा कटिंग ऑइल, नायलॉनला काही नाही लावलं तरी चालतं. टॅप कठीण असतो पण ठिसूळ, तो वाकत नाही, तुटतो, आणि तुटण्याआधी हँडल स्प्रिंगसारखं लवतंय, फिरवलं तरी टॅप मागे राहतोय असं हाताला कळतं. तिथेच थांबायचं, पूर्ण बाहेर काढायचं, कीस साफ करायचा, तेल टाकायचं. सगळी अक्कल त्या एका क्षणाला न रेटण्यात आहे.

किटसोबत कधीकधी सेल्फ टॅपिंग स्क्रू (स्वतःच आटे पाडत जाणारे) येतात, नायलॉन माउंटसाठी. ते मी वापरू नका असंच सांगेन, प्रत्येक वेळी काढताघालताना ते नवीन वाट करतात आणि पकड कमी होत जाते, एम-४ चे आटे पाडलेला माउंट कितीतरी वेळा इंजिन काढून घालायला चालतो. कंट्रोल लाइनच्या (तारांनी धरून गोल फिरवायच्या) विमानांत लाकडी बीमवर इंजिन बसतं, एनसीसीच्या एअर विंगमधे ज्यांनी एरोमॉडेलिंग केलंय त्यांना ते माहीत असेल, तिथे आटे पाडायचेच नाहीत, लाकडात ते धरत नाहीत, आरपार बोल्ट आणि खालून टी-नट.

भोक चुकलं तर? पहिला मोह होतो तो इंजिनाच्या लगला कानस मारून भोक लांबट करायचा. ते कधीही करू नका. माउंट स्वस्त आहे, इंजिन नाही. चारही भोकं पाचसहा मिमी पुढे किंवा मागे घेऊन नव्याने पाडता येतात, जागा असेल तर. आटे गेले असतील तर दांडी पुरेशी रुंद असली तरी एम-५ ला जाऊ नका, लगच्या भोकात तो बोल्ट जाणार नाही, त्यापेक्षा लांब बोल्ट घालून खालून नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सैल न होणारा) लावा, किंवा हेलिकॉइल बसवून घ्या, म्हणजे स्टीलच्या तारेचे नवे आटे.

आणि ॲल्युमिनियम माउंटमधे टॅप तुटून बसलाच, तर ड्रिल मारून काढायच्या भानगडीत पडू नका, टॅप बिटपेक्षा कमी कठीण नसतो. इथे किराणा दुकानातली तुरटी कामाला येते. तुरटीचं दाट गरम द्रावण स्टील विरघळवतं आणि ॲल्युमिनियमला जवळपास हात लावत नाही, घड्याळजी पितळेत अडकलेले स्टीलचे स्क्रू याच युक्तीने काढतात. माउंटवरचे सगळे स्टीलचे बोल्ट काढून तो गॅसवर चालणाऱ्या काचेच्या भांड्यात तुरटीच्या पाण्यात ठेवा, मंद गरम ठेवा, खिडकी उघडी. टॅपवरून बारीक बुडबुडे येताना दिसतात आणि हळूहळू त्याचा काळा गाळ होतो. साधा कार्बन स्टीलचा टॅप लवकर जातो, एचएसएसचा (हायस्पीड स्टीलचा) बराच जास्त वेळ घेतो, पाणी आटेल तसं घालत राहायचं. ते भांडं नंतर स्वयंपाकाला घेऊ नका.

आता शेवटची बसवणी. भोकं ब्रशने आणि हवेने साफ करा, माउंट परत फायरवॉलवर पक्का करा, इंजिन ठेवा आणि बोल्ट घालायच्या आधी चारही कोपऱ्यांत लगखाली पातळ कागदाचा तुकडा सरकवून बघा. एखाद्या कोपऱ्यात कागद सहज जात असेल तर तिथे फट आहे, आणि बोल्ट आवळला की ती फट क्रँककेस वाकवून भरून निघणार, मग बेअरिंगची रेषा बिघडते, इंजिन गरम होतं, पॉवर जाते आणि कारण सापडत नाही. सपाट ठोकळ्यावर पॉलिश पेपर चिकटवून दांड्या एका पातळीत आणा, थोडंच घासायला लागतं. बोल्ट ॲलनचे, वॉशर घालून, आणि लांबी अशी की दांडीच्या खालून एकदोन आटे बाहेर दिसतील. आवळताना तिरक्या जोडीने, थोडंथोडं करत. ॲल्युमिनियम माउंटला निळं थ्रेडलॉकर (आटे घट्ट धरणारा द्रव) एक थेंब लावा. नायलॉनला त्याचा उपयोग नाही, ते धातूच्या संपर्कात आणि हवा नसेल तेव्हाच घट्ट होतं, तिथे खालून नायलॉक नट लावणं जास्त बरं. नायलॉन गरम झाल्यावर दाबाखाली थोडं बसतं, म्हणून पहिली टाकी जमिनीवर चालवून संपवा, इंजिन गार होऊ द्या आणि ॲलन की घेऊन चारही बोल्ट परत बघा, बहुतेक वेळा थोडेसे फिरतात, आणि पहिल्या काही फ्लाइट्सनंतरही हे बघत राहा.